गोल्फचा पहिला सेट: ४० हजारांत काय घ्यावं? (कोल्हापूर)

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोल्फ नुकताच सुरू केलाय. सराव गच्चीवरच्या जाळीत, आणि महिन्यातून एकदा पुण्याला रेंजवर. उंची ५ फूट ६ इंच, उजवा हात, व्यायामाची सवय आहे. आत्तापर्यंत उसन्या क्लबवर भागवलं. बजेट ४० हजार, ताणून ४५.

समोर तीन पर्याय आहेत.
१. नात्यातल्या एकांचा जुना सेट, जवळजवळ फुकट. ३ ते ९ नंबरची आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचे क्लब), पातळ ब्लेड, स्टीलचे शाफ्ट (दांडे), त्यावर ‘एस’ लिहिलंय.
२. नवा कोरा बॉक्स सेट, बॅगेसकट.
३. पुण्यात किंवा ऑनलाइन सेकंडहँड शोधून एकेक जमवणं.

कोणता घ्यावा? आणि पहिल्या दिवसापासून १४ क्लब लागतातच का?

---

वेज_आणि_पटर

शेवटचा प्रश्न आधी घेतो. १४ ही कमाल मर्यादा आहे, किमान कितीही चालतात. नवशिक्याला सात-आठ पुरतात. जास्त घेतले की प्रत्येक फटक्याआधी बॅगेकडे बघत उभं राहायचं, आणि ५ नंबर आणि ६ नंबर आयर्नने चेंडू तेवढाच लांब जातो हे मागाहून कळायचं.

माझ्या मते यादी अशी असावी:

५ वूड (मोठ्या डोक्याचा लांब पल्ल्याचा क्लब; लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, फेसचा कल, १८ अंश)
५ नंबरचा हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब, २४ ते २६ अंश)
७ आणि ९ नंबरची आयर्न
पिचिंग वेज
सँड वेज (वाळूतून आणि जवळून चेंडू उचलायचा क्लब, ५४ ते ५६ अंश)
पटर

सात झाले (पटर म्हणजे होलजवळ चेंडू घरंगळवायचा क्लब). आठवा ड्रायव्हर, पण तो दोन-तीन महिन्यांनी. ड्रायव्हरचा शाफ्ट साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो आणि ७ आयर्नचा ३७. म्हणजे बॅगेतला सगळ्यात लांब आणि, पटर सोडला तर, सगळ्यात कमी लॉफ्टचा क्लब. लांबी वाढली की चेंडू फेसच्या मधोमध बसणं अवघड. लॉफ्ट कमी असला की फेस जरा उघडा (उजवीकडे वळलेला) राहिला तरी चेंडू उजवीकडे वळत जातो. पहिल्या महिन्यात ड्रायव्हर हाती घेणं म्हणजे तालमीत पाऊल ठेवल्या दिवशी हिंदकेसरीशी जोड लावणं.

पर्याय १ बद्दल एकच शब्द: नको.

---

पन्हाळ्याचा_वारा

+१. भावा, फुकट मिळतंय म्हणून ब्लेडच्या नादाला लागू नकोस. दिसायला लई देखणी असतात, मान्य. पण चेंडू मधल्या नाण्याएवढ्या जागेच्या बाहेर लागला की हाताला झिणझिण्या आणि चेंडू निम्म्या वाटेत. त्यात ‘एस’ म्हणजे स्टिफ शाफ्ट. आणि ३-४ नंबरचं लांब आयर्न तर नवशिक्याच्या हातून हवेत उठतच नाही. म्हणूनच हायब्रिड आले.

---

उद्यमनगरीचा_मोल्डर

ब्लेड आणि कॅव्हिटी-बॅक यांच्यात नेमका फरक काय, ते जरा धातूच्या बाजूने सांगतो. कोल्हापूरचा धागा आहे, फाउंड्रीवाला बोलणारच.

ब्लेडमध्ये धातू फेसच्या मागे सगळीकडे साधारण सारखा पसरलेला असतो. कॅव्हिटी-बॅकमध्ये मधला धातू कोरून काढून कडेला नेलेला असतो: टो (डोक्याचं पुढचं टोक), हील (शाफ्टकडची बाजू) आणि खाली सोल (तळ). वजन मध्यापासून लांब गेलं की डोकं पिळायला जास्त जोर लागतो. त्यामुळे चेंडू टोकाला लागला तरी फेस कमी फिरतो, आणि दिशा आणि अंतर दोन्ही कमी बिघडतात. सोल रुंद असल्याने गुरुत्वमध्य खाली आणि मागे जातो, चेंडू सहज उठतो. कडेला वजन नेण्याची ही कल्पना कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९५९ साली पिंगच्या पटरमध्ये वापरली आणि नंतर आयर्नमध्ये आणली. आज नवशिक्यांसाठीचं जवळपास प्रत्येक आयर्न याच तत्त्वावर बनतं.

आता कास्ट (ओतीव) की फोर्ज्ड (घडीव). फोर्ज्ड डोकं बहुधा १०२० किंवा १०२५ कार्बन स्टीलचं, वर निकेल-क्रोमचा मुलामा. मऊ असतं, लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) आणि लॉफ्ट वाकवून बदलता येतो. कास्ट डोकं ४३१ किंवा १७-४ स्टेनलेसचं. हे आपल्याकडच्या वाळूच्या साच्यातलं काम नाही, मेणाचा नमुना करून त्यावर सिरॅमिकचं कवच चढवतात, मेण वितळवून काढतात आणि मग रस ओततात. कॅव्हिटीचे गुंतागुंतीचे आकार त्यामुळेच स्वस्तात निघतात. नवशिक्याने कास्टच घ्यावं. ‘फोर्ज्ड हाताला मऊ लागतं’ वगैरे चर्चा चेंडू दहापैकी सात वेळा मधोमध लागायला लागल्यावर.

एक इशारा. १७-४ कडक असतं, एक-दोन अंशांपलीकडे वाकवायला गेलात तर होझलला (शाफ्ट बसतो त्या नळीला) तडा जातो. उद्यमनगरात व्हाइस आणि पाना सगळ्यांकडे आहे म्हणून कुणी ‘आण, आत्ता वाकवून देतो’ म्हणेल. देऊ नका. त्याला लाय-लॉफ्टचं खास मशीन लागतं, डोकं अंशात मोजत वाकवावं लागतं.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ता)

धन्यवाद. म्हणजे ब्लेड बाद. आता शाफ्टचं सांगा. स्टील की ग्रॅफाइट? आणि ‘आर’ की ‘एस’ हे स्वतःचं स्वतः कसं ठरवायचं? कोल्हापुरात मोजायचं मशीन कुठे मिळणार?

---

वेज_आणि_पटर

मशीनवर मोजणं उत्तम. पुण्याला जाताच आहात, तर सिम्युलेटर असलेल्या ठिकाणी अर्धा तास काढा. ड्रायव्हरचा स्विंग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर, त्याखाली सीनियर (आणखी लवचिक), ९५ च्या वर गेलात तर स्टिफ. मशीन नसेल तर ७ आयर्नने चेंडू हवेतून किती यार्डांवर पडतो ते बघा. १२० ते १५० यार्डांपर्यंत रेग्युलर, त्याहून कमी पडत असेल तर सीनियर किंवा हलका ग्रॅफाइट. हा ढोबळ अंदाज आहे. आणि रेंजवरचे चेंडू जुने, मार खाल्लेले असतात, थोडं कमीच पडतात हे धरून चला.

दहा चेंडू मारून त्यातला सगळ्यात लांब गेलेला मोजू नका. मधले पाच-सहा धरा. सगळे इथेच स्वतःला फसवतात.

चुकीच्या शाफ्टने काय होतं? फार कडक असला तर चेंडू बुटका उडतो आणि उजवीकडे निसटतो. फार लवचिक असला तर उंच उडतो आणि डावीकडे ओढला जातो. पण नवशिक्याचे फटके मुळात चारी दिशांना जातात, त्यामुळे चेंडूवरून शाफ्ट ओळखायला जाऊ नका. आकडा बघा.

वजनाचं म्हणाल तर आयर्नचा स्टील शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइट ५० ते ८०. तुमचं वय आणि व्यायाम बघता आयर्नला हलक्या वजनाचं रेग्युलर स्टील, आणि वूड-हायब्रिडला ग्रॅफाइट. कोपर किंवा मनगट दुखायची सवय असेल तर सगळंच ग्रॅफाइट.

---

पन्हाळ्याचा_वारा

इथे थोडा मतभेद. गच्चीवर जाळीत मारणाऱ्याने ग्रॅफाइटच घ्यावं असं मी म्हणेन. गच्चीचा कोबा आणि वर अर्ध्या इंचाची चटई, त्यावर आयर्न आपटलं की सगळा हादरा कोपरात. स्टील तो अजिबात मुरवत नाही.

---

वेज_आणि_पटर

मुद्दा बरोबर आहे, पण त्यावरचा इलाज शाफ्ट नाही, चटई आहे. खाली दाट फोम असलेली किमान दीड इंच जाडीची चटई घ्या, आणि पायाखाली तेवढ्याच उंचीचा पाट किंवा दुसरी चटई. नाहीतर चेंडू पायापेक्षा वर राहतो आणि स्विंग बिघडतो. जाळी चेंडूपासून तीन मीटरवर, तळाशी सैल सोडलेली. ताणून बांधली तर चेंडू उलटा अंगावर येतो. कडेने मोकळी जागा असेल तर फोमचेच चेंडू वापरा. शेजारच्यांच्या सोलर हीटरच्या काचा स्वस्त नसतात.

आणि खरा चेंडू घेऊन कुठल्याही सार्वजनिक मैदानात जाऊ नका. फुटबॉलचं गाव आहे, प्रत्येक मैदानावर पोरं असतात. ४६ ग्रॅमचा कडक चेंडू डोक्यात बसला तर काय होईल ते सांगायला नको.

---

रंकाळा_संध्याकाळ

माप घेण्याविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पायात बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा, आणि दुसऱ्या कुणाला तरी मनगटाच्या वळीपासून जमिनीपर्यंत मोजायला सांगा. स्वतः मोजायला वाकलं की माप चुकतं. ३४ ते ३६ इंच आलं तर बाजारातली स्टँडर्ड लांबी चालते. ५ फूट ६ इंचाला साधारण त्याच्या खालच्या टोकाला माप येतं, म्हणजे बदल करायची गरज बहुधा नाही. अगदीच वाटलं तर ग्रिप अर्धा इंच खाली धरा.

शाफ्ट कापायची घाई नको. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (स्विंग करताना डोकं किती जड लागतं त्याचं माप) तीन अंकांनी उतरतं, डोकं हाताला हलकं लागायला लागतं, आणि शाफ्ट थोडा कडक होतो तो वेगळाच.

लाय तपासायला सोलवर कागदी चिकटपट्टी लावा आणि चटईवर किंवा फळीवर पाच-सहा चेंडू मारा. पट्टी मधोमध घासली तर ठीक. टोच्या बाजूला घासली तर लाय फ्लॅट (फार आडवा) आहे, हीलकडे घासली तर अपराइट (फार उभा). उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू अपराइटने डावीकडे आणि फ्लॅटने उजवीकडे जातो. खूप जण ‘माझा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळणं) जात नाही’ म्हणून वर्षभर स्विंग बदलत बसतात आणि क्लबच फ्लॅट असतो. अर्थात नव्वद टक्के वेळा स्विंगच असतो, ते सोडा.

ग्रिपची जाडी: डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या मांसल भागाला नुसती टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक, फट राहत असेल तर जाड.

---

लेफ्टी_शाहूपुरी

डावखुऱ्यांनी काय करायचं? सेकंडहँडमध्ये आमच्यासाठी काहीच दिसत नाही.

---

रंकाळा_संध्याकाळ

क्रिकेटमध्ये बॅटिंग कोणत्या बाजूने करता? डावखुरी करत असाल तर डावाच सेट घ्या आणि सरळ नवा बॉक्स सेट बघा, जुन्यात वाट बघत बसू नका. लिहायला डावे पण बॅट उजवी असेल, तर उजवा सेट हातात घेऊन बघा. तसे खेळणारे बरेच आहेत.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ता)

मनगटाचं माप ३४ आलं. मग आता बॉक्स सेट की सेकंडहँड?

---

पन्हाळ्याचा_वारा

बॉक्स सेट घे, विषय संपव. कॅलवेचा स्ट्राटा, विल्सनचे सेट, डेकॅथलॉनचा इनेसिस. बॅग, हेडकव्हर, पटर, सगळं एका खोक्यात, सगळ्यांचे शाफ्ट एका जातीचे. सेकंडहँडमध्ये नकली माल लई आहे. नवख्याला ओळखू येत नाही.

---

वेज_आणि_पटर

नको असं म्हणत नाही, पण बॉक्स सेट उघडायच्या आधी आतले लॉफ्ट वाचा. हल्ली ७ आयर्न २८-३० अंशांचं देतात. जुन्या सेटमध्ये तेच ३४-३६ असायचं. नंबर तोच, क्लब दुसराच. ‘आमचं ७ आयर्न लांब जातं’ ही जाहिरात तिथूनच येते. मग पिचिंग वेज ४३-४४ वर येतो आणि त्यानंतर थेट ५६ चा सँड वेज. मध्ये १२ अंशांचं भगदाड. चार अंशांमागे साधारण १० यार्ड धरले तर ३० यार्डांचा पट्टा असा राहतो की तिथे एकही क्लब नीट बसत नाही, अर्धवट स्विंग करावा लागतो. आणि अर्धवट स्विंग नवशिक्याला सगळ्यात अवघड. अशा सेटबरोबर ५० अंशांचा एक वेज वेगळा घ्यावाच लागेल. काही स्वस्त सेटमध्ये तर सँड वेजही नसतो.

आणि पटर. पार ७२ च्या (१८ होल, ७२ फटके अपेक्षित) मैदानात प्रत्येक होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटरचे गृहीत धरलेले असतात. निम्मा खेळ. बॉक्समधला पटर मात्र पुष्कळदा नुसता संख्या भरायला टाकलेला असतो. माझी मांडणी अशी: आयर्न-वेज सेकंडहँड कॅव्हिटी-बॅक, पाच-दहा वर्षं जुने चालतील. त्यात वाचलेले पैसे पटर आणि पाच-सहा शिकवण्यांवर.

पटर असा बघा. शाफ्ट आडवा धरून बोटावर तोला. फेस आकाशाकडे राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड, सरळ मागे-पुढे जाणाऱ्या स्ट्रोकला बरा. टो खाली लोंबला तर कमानीत फिरणाऱ्या स्ट्रोकला. लांबी ३३ ते ३५ इंच. पवित्रा घेतल्यावर डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आतल्या बाजूला आले पाहिजेत. खात्रीसाठी नाकाच्या वरून, डोळ्यांमधून दुसरा चेंडू सोडा, कुठे पडतो ते बघा.

---

उद्यमनगरीचा_मोल्डर

सेकंडहँडला घाबरू नका, तपासायला शिका. खिशात एक चुंबक ठेवा.

ड्रायव्हरवर टायटॅनियम लिहिलं असेल तर फेसला चुंबक लावा. चिकटला तर टायटॅनियम नाही. सोलवर लावू नका, तिथले वजनाचे स्क्रू स्टीलचे असू शकतात आणि तुम्ही चांगला क्लब सोडून याल. वूड आणि आयर्नला ही परीक्षा नको. फेअरवे वूड (३, ५ नंबरचे) बहुधा स्टीलचेच असतात, १७-४ ला तर चुंबक चिकटतोच.

मग डोकं कानाजवळ धरून हलवा. खडखड आली तर आत गोंदाचा तुकडा सुटलाय. तो काढता येतो, पण किंमत पाडायला कारण मिळतं. ग्रिप एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्याने डोकं पिळा. ‘कट्’ असा आवाज किंवा हलकी हालचाल जाणवली तर इपॉक्सी (डोकं शाफ्टला धरणारा गोंद) गेलाय. फेरूल, म्हणजे शाफ्ट डोक्यात जातो तिथली काळी कडी, वर सरकलेली असेल तरी संशय घ्या. ग्रॅफाइट शाफ्टवर नख फिरवा, विशेषतः खालच्या पाच-सहा इंचांत. बॅगेच्या कडेला घासून पडलेला चरा नखाला लागला तर तो शाफ्ट एक दिवस मध्येच मोडणार. स्टीलवर वरवरचा गंज चालतो, खड्डे पडलेला नाही.

सगळ्या आयर्नचे शाफ्टवरचे स्टिकर एक आहेत का बघा. एखादा वेगळा असेल तर तो मोडून बदललाय. सगळी आयर्न सोल टेकवून ओळीने उभी करा, लांबी पायरीने अर्ध्या इंचाने उतरली पाहिजे. एखादी पायरी चुकली तर कुणीतरी कापलाय.

नकली माल ओळखायला अक्षरांतला रंग बघा. नकलीत रंग कडेबाहेर सांडलेला, होझलवरचा नंबर खोल कोरण्याऐवजी नुसता छापलेला, आणि संपूर्ण सेटची किंमत एका खऱ्या ड्रायव्हरपेक्षा कमी.

वेजच्या फेसवरच्या खाचा शेवटी. नख अडकलं नाही तर वेज संपलाय. ७ आयर्नच्या खाचा झिजलेल्या चालतात, वेजच्या नाही.

---

पन्हाळ्याचा_वारा

मोल्डरदादा, जगात भारी. सेकंडहँडबद्दलचं माझं म्हणणं निम्मं मागे घेतो. पण फोटो बघून ऑनलाइन घेणाऱ्याला यातलं काही करता येत नाही, तेवढं लक्षात असू द्या. मैदानावरच्या प्रो-शॉपमध्ये किंवा कॅडींकडे चौकशी करा. येरवड्याला पूना क्लब, बावधनकडे ऑक्सफर्ड, आणि इकडे बेळगावही जवळ आहे. मेंबर लोक दर दोन वर्षांनी सेट बदलतात.

---

उजळाईवाडी_आई

मध्येच विचारते. मुलगी ११ वर्षांची आहे, तिला यांचा जुना सेट कापून दिला तर?

---

वेज_आणि_पटर

ताई, नका देऊ. मोठ्यांचा शाफ्ट कापला की कडक होतो आणि डोकं मोठ्यांच्याच वजनाचं राहतं. मुलं ते पेलायला म्हणून सगळं अंग झुकवतात, आणि ती सवय पुढे जात नाही. मुलांचे सेट वयावर नव्हे, उंचीवर घ्यायचे असतात. ५-६ क्लब खूप झाले: एक वूड, हायब्रिड, ७ आणि ९ आयर्न, वेज, पटर. एक इंच मोठा चालेल, तीन इंच मोठा नाही.

---

रंकाळा_संध्याकाळ

सँड वेज घेताना बाउन्सचा, म्हणजे सोल पुढच्या धारेपेक्षा किती खाली झुकलाय त्या कोनाचा, आकडा बघा. सोलवर लॉफ्टशेजारी लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ५६-१२. बाउन्स जास्त (१० ते १४) म्हणजे क्लब मऊ वाळूत किंवा ओल्या मातीत रुतत नाही. कमी (४ ते ८) कडक जमिनीला बरा. आपल्याकडे दोन टोकं आहेत: एप्रिल-मे मध्ये जमीन कोबा केल्यासारखी, तिथे १४ चा सोल आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटात बसते. जुलैत चिखल, तिथे ६ चा खणत जातो. एकच घ्यायचा तर ५६ अंशांना १० बाउन्स.

आणि पावसाळ्यात मुलामा नसलेला कच्चा वेज दोन दिवसांत तांबूस होतो. बिघडत काही नाही, पण ओल्या बॅगेत कोंबून ठेवू नका. उन्हाळ्यात उलटं: गाडीच्या डिकीत दिवसभर सेट ठेवला तर इपॉक्सी मऊ पडतो.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली (धागाकर्ता)

पुण्यात एक सेट बघून आलो. कॅव्हिटी-बॅक, ५ ते पिचिंग वेज, रेग्युलर स्टील, पिचिंग वेज ४५ अंश. चुंबक, नख, पिळणं सगळं केलं. पास. फक्त ग्रिप दगडासारख्या कडक झाल्यात. किंमत पाडून घेऊ? ग्रिप घरी बदलता येतात?

---

उद्यमनगरीचा_मोल्डर

घ्या. ४५ आणि ५६ मध्ये ११ अंश आहेत, ५० चा वेज पुढे कधीतरी. ५ आणि ६ आयर्न सध्या घरी ठेवा, ८ हवं तर बॅगेत टाका.

ग्रिप घरी सहज बदलतात. आधी नुसत्या भांड्याच्या साबणाने, कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने एक घासून बघा. कधी कधी घामाचा थरच असतो. तरी कडकच राहिली तर:

हुकच्या पात्याने, धार अंगापासून लांब ठेवून, ग्रिप उभी चिरा. वूड-हायब्रिडच्या ग्रॅफाइटवर अगदी हलक्या हाताने, पातं शाफ्टला लागलं की शाफ्ट गेला. जुनी टेप पूर्ण खरवडून काढा, गाठ राहिली तर ती तळहाताला कायम टोचत राहते. नवी दुहेरी चिकट टेप लांबीच्या बाजूने गुंडाळा, वरच्या टोकाला अर्धा इंच जास्त ठेवून नळीत आत दुमडा. ग्रिपच्या वरच्या भोकावर बोट ठेवून आत व्हाइट स्पिरिट ओता, तोंड दाबून हलवा, तेच टेपवर सढळ हाताने ओता. खाली परात ठेवा. पेट्रोल वापरू नका, आणि जे वापराल ते गॅसच्या शेगडीपासून लांब, गच्चीत. मग ग्रिप एका दमात सरकवा. निम्म्यात थांबलात तर तिथेच धरते आणि कापूनच काढावी लागते, म्हणजे एक ग्रिप गेली. टोकापर्यंत पोचली की लगेच फेस सरळ धरून ग्रिपवरची खूण जुळवा, हातात दोन-तीन मिनिटंच असतात. रात्रभर सुकू द्या.

घ्यायच्या आधी ग्रिपचं भोक किती ते बघा, ०.५८० की ०.६००, आणि शाफ्टच्या वरच्या टोकाचा व्यासही मोजा. ०.६०० च्या शाफ्टवर ०.५८० ची ग्रिप चढवली तर ती ताणून जाड होते, आणि वर रंकाळाताईंनी सांगितलेलं बोटांचं माप चुकतं. व्हर्निअर तर इथे प्रत्येक गल्लीत मिळेल.